आण्णांनी पाजलेलं तेल

हसू नका, पण माझ्या गाडीचा आजार मला चार दिवस सापडत नव्हता. जुनी मोटारसायकल विकायला काढली होती. रविवारी तासगावचं गिऱ्हाईक येणार होतं आणि गाडी निळसर धूर सोडत होती. मेस्त्री म्हणाला, "इंजिन खोलायला लागंल." तेवढा खर्च करून विकण्यात काही अर्थ नव्हता.

शुक्रवारी इंजिनचं तेल बघितलं, तर ते पट्टीवरच्या खुणेच्या कितीतरी वर. मी थेंबही टाकला नव्हता, म्हणून वडिलांना विचारलं. आण्णा फौजेतून निवृत्त झालेत. गाडी तपासल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही.

"रोज बघतो की. रोज कमीच असतंय, म्हणून टाकतो."

"कशी उभी करून बघता?"

"हाय तशीच. साइड स्टँडवर."

गाडी कलली की आतलं तेलही कलतं आणि पट्टीवर कमी दिसतं. हे आण्णांना सांगायचं माझ्या जिवावर आलं, पण सांगितलं.  आण्णा भांडं आणून जादा तेल काढायला स्वतःच खाली बसले. दुसऱ्या दिवशी धूर थांबला.

रविवारी त्या माणसानं विचारलं, "गाडीत काय दोष?" मी चाचरलो. आण्णाच पुढं झाले.

"दोष माझा. मीच तिला रोज जादा तेल पाजत होतो."

तो हसायला लागला. "आवं, मग गाडी ऱ्हाऊ द्या, तुमीच चला. माझ्या ट्रॅक्टरकडं घरात कुणी ढुंकून बघत न्हाई."

गाडी त्यानं नेलीच. आता आण्णा महिन्यातून एकदा एसटीनं तासगावला जातात, त्याचा ट्रॅक्टर बघायला.