आधी खीर, मग भात

नाय रे निषाद, मला समजावू नकोस. टोप उचलायला आलास ना, उचल — पन ऐक. तुमच्या महाडात आता नवं निघालं असंल, जेवान झाल्यावर गोड. डेझर्ट का काय ते. आमच्यात पान मांडलं का गोड पैलं, मग भात, आन शेवटाला ताकभात. ताकभात खाल्ला का मानूस हात धुतो, संपलं. काय म्हनतोस, सांगितलं नवतं? नसंल सांगितलं. पाटावर बसून जेवायचं ह्ये तरी सांगितलं होतं का तुला?

अख्खी पंगत उठली रे. म्हातारी मानसं हात धुवून मांडवाभायेर, तवा तुझी बाई मला हाक मारायला आली, खीर आना म्हनून. राजनंदिनीचा सासरा कायतरी पुटपुटला — त्याचं जाऊ दे, उद्यापास्नं माझ्या नातीच्या हातचंच खायचंय त्याला. पन बाकी सगळा सयपाक तुझा आन खीर माझी, असं ठरलेलं ना? खिरीचे गव्हले कोनी वळले? चैतात ओसरीवर बसून मीच, जिऱ्याएवढे एकेक, बोटं सोलली. नातीसाठी, दुसऱ्या कोनासाठी — हां, नातीसाठीच.

नातीसाठी कुठली. हैबतीसाठी. तो फेटेवाला, खांबाजवळ बसलेला, माझा धाकटा भाऊ. आईच्या तेराव्याला आमचं वाजलं आन तो गोड न खाता पानावरनं उठला. तवापास्नं माझ्या दारात पाय नाय त्याचा. नात माझी आंबेनळी घाटाखाली त्याच्या घरी जाऊन पाया पडली, तवा आज आला. मी म्हटलं, बोलायचं कायच नाय, खीर त्याच्या पानात मी सवता वाढीन, खाल्लीन का मिटलं. चुलीपाशी बसले वाट बघत — तू हाक मारतो म्हनालेलास — आन भायेर येते तर ह्यो चपला घालतोय. म्हनतो, "गोड नाय वाढलंस. अजून राग हाय तर तुझा, आक्का." आन चालाय लागला. माझ्या हातात पळी तशीच.

बरं, ऱ्हाऊ दे. माफी नको मागूस, मला आनखी राग येतो. उचल टोप आन जा — तो नको, तो ठेव, तो माझा. आन हा खिरीचा डबा घे. आंबेनळी तुझ्या वाटेवर नाय, ठाऊक हाय मला. गाडी हाय ना? मग वळव. त्याच्या हातात दे, आन सांग, जेवायच्या आधी खा म्हनावं. आधी.

बघतोस काय. आंबंल ती. जा.