दोन गावांची एक खुर्ची

दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात दोन व्याही, एक सुतार आणि एक वेत विणणारा, नवी खुर्ची जोडत होते. मी पुस्तकाआडून ऐकत होतो.

“सुतारबुवा, तुमची चौकट लहान झालीये!”

“तुमची बैठक बोटभर मोठी आहे.”

“तुमच्या गावात लाकूड नेहमी मोठंच कापतात, म्हणून मुद्दाम मोठी केली.”

“अहो, तुम्ही नेहमी आखूड करता, म्हणून आम्ही चौकट लहान केली!”

“घ्या! एकमेकांना सांभाळायला गेलो आणि...”

“हसताय काय? नमुना आतल्या साहेबांना पसंत पडला तर जिल्ह्यातल्या दवाखान्यांसाठी सातशे खुर्च्या! दोन्ही गावांतले बंद कारखाने उघडतील.”

“मग रंधा काढा. बैठकीच्या कडेच्या लाकडी पट्ट्या तासा.”

“तुमच्या कामाला मी रंधा लावू?”

“मुलगी दिलीत आमच्या घरात, आता रंध्याला लाजता?”

रंधा फिरला, सालपटं खाली पडली.

“धरा घट्ट... बसली! व्याही, बसली!”

“आता वजन टाकून बघा.”

“तुम्ही बघा. माझी हिंमत होत नाही.”

“माझीही. आजोबा, तुम्ही बसता?”

मी बसलो.

“हलत नाही! कुरकुरतही नाही!”

“ओरडू नका, आत ऐकू जाईल.”

“जाऊ दे!”

दार उघडून साहेबांनी विचारलं, “नमुना कोणाचा?”

“आमचा!” दोघं एकदम म्हणाले. “आजोबा, उठता का जरा?”