आकाराम भोंगेवाल्याची जाहिरात

(कोल्हापूर, २००८. दिवाळी नुकतीच झालीय. राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, गावच्या बातम्या देणाऱ्या वेबसाईटचं ऑफिस.)

मल्लाप्पा : चहा नको. आधी माफी छाप. 'आमच्या साईटच्या चुकीमुळं कैलासवासी आकाराम भोंगेवाले यांच्या रक्षाविसर्जनाची खबर लोकांना कळली न्हाय.' खाली तुझं नाव घाल, दीक्षा. मग चहा.

दीक्षा : आण्णा, जिना चढून धाप लागलीय तुम्हाला. बसा. चूक माझी असेल तर माफी छापते, पहिल्याच पानावर. पण मी तर ती खबर दिली होती.

मल्लाप्पा : कुठं दिलीस? दिवाळीत पेपरवाल्यांना सुट्टी. तुझ्या साईटवरच भरवसा. मी रोज सकाळी दुकान उघडतो, भांड्यांवरनं फडकं मारतो, उदबत्ती लावतो, आन पयली तुझी साईट उघडतो. पंचगंगेला पाणी किती हाय, कुठल्या गल्लीत चोरी झाली, सगळं वाचतो. पाडव्याला बी वाचलं, भाऊबीजेला बी वाचलं. आकाराम गेल्याचं कुठं बी नव्हतं.

दीक्षा : या, इकडं बघा माझ्या स्क्रीनवर.

मल्लाप्पा : ...फोटो बी हाय की. हसतोय बघ कसा. आत्ता घातलंस व्हय हे? मी जिना चढायला लागलो तवा?

दीक्षा : खालची तारीख वाचा. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. त्यांचा मुलगा स्वतः आला होता, संग्राम. तुम्ही बसलाय त्याच खुर्चीत बसला होता. मी म्हटलं, मल्लाप्पाण्णांना फोन करू का? तर म्हणाला, 'नको. काका रोज तुमची साईट बघतात. सगळ्यात आधी त्यांनाच कळंल.'

मल्लाप्पा : असं म्हणाला?

दीक्षा : असंच.

मल्लाप्पा : मग मला का दिसलं न्हाय? तुमी काय माणूस बघून दाखवताय?

दीक्षा : एक सांगा. आमच्या पानावर उजव्या बाजूला तुमच्याच दुकानाची जाहिरात असते. 'मल्लाप्पा स्टील सेंटर, रुखवताची भांडी एकाच छताखाली.' ती दिसते तुम्हाला?

मल्लाप्पा : कुठली दिसती! दिवाळीच्या आधीपासनं गायब हाय. त्याच्यावरनं बी भांडायला येणार हुतो, पण म्हटलं एका जिन्यात दोन भांडणं नकोत.

दीक्षा : आणि केस उगवायचं तेल? टुणटुण उड्या मारणारं माकड? 'अभिनंदन, आपण मोटार जिंकली आहे'?

मल्लाप्पा : ती घाण रुद्रेशनं काढली. माझा भाचा. काम्प्युटरातलं लई कळतं त्याला. खाली गाडी लावतोय बघ. ए रुद्रेश! गाडीला काय हार घालतोयस? वर ये!

रुद्रेश : आलो, आलो. नमस्कार मॅडम. काय झालं मामा, छापत्यात का माफी?

दीक्षा : छापायचंच चाललंय. फक्त कुणाच्या नावानं, ते ठरायचंय. आण्णांच्या कॉम्प्युटरवर काय बसवलंय तुम्ही?

रुद्रेश : ॲडब्लॉकर. जाहिराती अडवायची चाळणी म्हणा. कोल्ह्याचं चित्र असतंय बघा, ते ब्राउझर टाकलं आन त्याला ही जोडली. फुकट हाय सगळं. नवीन खिडकी उघडत न्हाय, काय नाचत न्हाय, पान कसं झटक्यात येतंय. मामांनीच सांगितलं हुतं.

मल्लाप्पा : सांगणारच की! पेठ वडगावच्या बायका आलत्या, लगीनघरच्या. मी पंचांग बघत हुतो काम्प्युटरवर, मुहूर्त सांगायला. तर मधीच एक बाई उगवली. अंगावर कापड म्हणशील तर माझा रुमाल मोठा. ती बंद केली तर तिच्या मागनं दुसरी. दुसरी बंद केली तर दोघी मिळून आल्या. गिऱ्हाईक पातेली सोडून माझ्याकडं बघतंय, आन दारात आमची शांतव्वा डबा घेऊन उभी!

रुद्रेश : मामी अजून त्या काम्प्युटरवर टॉवेल टाकती.

दीक्षा : बरं. ही चाळणी जाहिरात कशी ओळखते?

रुद्रेश : चित्र कुठनं येतंय ते बघती. मोठ्या मोठ्या साईटींची यादी तयारच मिळती. आपल्या गावच्या साईटी त्यात नसत्यात. म्हणून तुमच्यासाठी मी हातानं नियम घातला. 'जाहिरात' नावाच्या कप्प्यातनं येणारं काय बी आत घ्यायचं न्हाय.

दीक्षा : माझ्यासाठी खास?

रुद्रेश : तुमच्या जाहिरातीतला तो पेढा लई नाचत हुता, मॅडम.

दीक्षा : तो पेढा नाचतो म्हणून या ऑफिसचं भाडं जातं. पेढा थांबला की पंचगंगेचं पाणी मोजायला कोण जाणार, तुमचा कोल्हा? बरं, ते राहू दे. निधनाच्या खबरा मी कुठल्या कप्प्यात ठेवते, सांगा बघू.

रुद्रेश : बातम्यांच्या.

दीक्षा : पैसे घेऊन छापते ना. जाहिरातींच्याच ठेवते.

रुद्रेश : आयला.

मल्लाप्पा : काय आयला? मला समजंल असं बोला की.

रुद्रेश : मामा, आकाराम काका चाळणीत अडकले. तुमच्या काम्प्युटरपर्यंत आलेच न्हाईत.

मल्लाप्पा : मेलेल्या माणसाला तू केसाच्या तेलात धरलंस?

रुद्रेश : मी न्हाय, चाळणीनं. तिला काय कळतंय, पेढा कुठला आन माणूस कुठला!

दीक्षा : कप्पा माझाच होता. निधनाला वेगळा करायला हवा होता, कंटाळा केला. तेवढी माफी मी छापते.

मल्लाप्पा : छाप की! तेवढीच छाप. बाकीचं नको.

दीक्षा : बाकीचं म्हणजे, 'आण्णांनी सगळ्या जाहिरातींना दार लावलं' हे?

मल्लाप्पा : सगळ्या कुठं? दुसऱ्यांच्या. माझी ठिवायची हुती. माझी काय जाहिरात हाय व्हय? ती माहिती हाय लोकांना.

दीक्षा : पेढेवालाही अगदी हेच म्हणतो.

रुद्रेश : क्लासवाले बी.

मल्लाप्पा : तू गप बस! चाळणी म्हणं!

दीक्षा : आकाराम काकांनी तर जन्मभर जाहिरातीच केल्या ना, आण्णा?

मल्लाप्पा : जन्मभर. रिक्षाच्या टपावर दोन भोंगं, हातात माईक. सर्कस आली, आकाराम. साड्यांचा सेल, आकाराम. कुणाचं पोर हरवलं तरी आकारामच. माझं दुकान उघडलं तवा एक गल्ली सोडली न्हाय त्यानं. घसा बसला तर सुंठ चघळून वरडायचा. 'माता-भगिनींनो, मल्लाप्पाचं पातेलं, नातवापर्यंत चाललेलं!' लोक हसायचे, पण यायचे. पैसं द्यायला गेलो तर म्हणाला, पयल्या दुकानाचं काय घ्यायचं, दुसरं काढलंस की दे. दुसरं काय निघालं न्हाय.

रुद्रेश : मला रिक्षात बसवून फिरवायचे ते. माईकमधी फुंकर मारायला द्यायचे.

मल्लाप्पा : मी चेष्टा करायचो. म्हणायचो, लेका, तुझा भोंगा म्हंजे कानाला ताप. तर म्हणायचा, 'मल्लू, दुसऱ्याचा भोंगा ताप. आपला लागला की सनई.'

दीक्षा : खरंच बोलायचे की.

मल्लाप्पा : आन मी त्याचीच खबर ताप म्हणून दाराबाहेर ठिवली.

दीक्षा : जाऊ दे आण्णा. तुम्हाला कळलं नाही, ते वाईट झालं. पण बाकी बाजार तरी गेला असेल रक्षेला. राजारामपुरीतलं प्रत्येक दुकान त्यांच्या भोंग्यावर चाललेलं... रुद्रेश, खाली काय बघताय?

रुद्रेश : काय न्हाय.

दीक्षा : बोला.

रुद्रेश : कोजागिरीच्या दुधाला व्यापारी जमलेते. तवा मामांनी भाषण केलं.

मल्लाप्पा : भाषण कसलं, दोन शब्द बोललो.

रुद्रेश : 'माझ्या भाच्यानं माझं इंटरनेट धुऊन दिलंय. तुमी बी धुऊन घ्या.' दुसऱ्या दिवशीपासनं मला जेवायला सवड न्हाय. कापडवाले, चष्मेवाले, दातांचे डॉक्टर. सगळ्यांकडं गेलतो.

दीक्षा : आणि सगळीकडं माझ्यासाठीचा तो खास नियम?

रुद्रेश : तीच फाईल. पेन ड्राईव्हवर घिऊन फिरलो.

दीक्षा : म्हणजे बाजारात कुणालाच दिसलं नाही.

मल्लाप्पा : परवा चष्मेवाला मलाच विचारत हुता, आकारामची रिक्षा दिसंना हल्ली. मी म्हटलं, दिवाळी हाय, दमला आसंल.

रुद्रेश : मामा, मी आत्ता जाऊन सगळ्यांकडचं काढतो.

मल्लाप्पा : आता काढून काय करतोस? त्यो काय परत येणार हाय?

दीक्षा : नियम तेवढा काढा. बाईला राहू दे बाहेर, मामींसाठी. आणि आण्णा, बारावं व्हायचंय अजून. त्याची खबर मी बातमी म्हणून लावते, सगळ्यात वर, पैसे न घेता. बाजाराला तुम्ही स्वतः सांगा, दुकानादुकानात जाऊन. पण त्याआधी कळंब्याला त्यांच्या घरी जा. संग्रामला सरळ सांगा, असं असं झालं, मला दिसलं नाही. तो समजून घेईल.

मल्लाप्पा : तोंडानं न्हाय सांगता येत. म्हणून तर छापून मागतोय. छापलेलं दाखवलं की त्यो खरं धरंल.

दीक्षा : तुमच्या तोंडाला काय झालं? लहानपणापासून बघतोय तो तुम्हाला.

मल्लाप्पा : काल आलता दुकानात. डोकं भादरलेलं. ते बघूनच मला कळलं, आकाराम गेला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, 'काका, रक्षेला तुमी दिसला न्हाईसा.'

रुद्रेश : हे मला न्हाय सांगितलंसा मामा.

मल्लाप्पा : काय सांगू? गिऱ्हाईक उभं हुतं. मला त्याच्यापुढं म्हणवंना, की तुझा बाप गेलेला मला ठाऊकच न्हाय. लाज वाटली.

दीक्षा : मग काय म्हणालात?

मल्लाप्पा : म्हटलं, आलतो की बाळा. गर्दीत मागं उभा हुतो.

दीक्षा : आणि तो?

मल्लाप्पा : चप्पल घातली. पायरी उतरला, आन तिथनंच म्हणाला, 'काका, मागं कोणच नव्हतं.'