बाजारातली जागा

बोईसरच्या एसटी स्टँडवर दांडी गावच्या बसची वाट बघणाऱ्या दोघी मासळीवाल्या.

"तुमची सून दीपाली डॉक्टरकडं जाते ना, मावशी?"

"डोक्याच्या डॉक्टरकडं! म्हने, जगावंसं वाटत नाय. भिंतीकडं तोंड करून निजायची नुसती नाटकं!"

"आजार हाय तो."

"कसला आजार? कालपासून गोळ्या नाय, काय नाय, खडखडीत बरी. हसली, माज्या पाया पडली. बाजारातली बसायची जागा धाकट्या जावेला देऊन टाकली. मासळीची पाटीसुद्धा दिली."

"जागा दिली? जागेसाठी आपन एकमेकींच्या झिंज्या उपटतो, मावशी."

"तेच तर! आली अक्कल."

"आता तिच्याजवळ कोन हाय?"

"बऱ्या झालेल्या बाईजवळ कोन कशाला बसंल?"

"आग लागो तुमच्या अकलेला! शेजारी फोन लावा आदी!"