बोकडाची शिंक

नव्या वर्षाच्या सकाळी लॉस एंजेलिसमधल्या थिएटरात एका बोकडाचं जुनं बोलकं कार्टून फुकट दाखवणार होते. रांगेत वेल्माच्या पुढेच दोन म्हाताऱ्या बायकांची जुंपली होती.

“कालपर्यंत तो बोकड आमच्या घरचा होता, अर्लीन. पंचाण्णव वर्षं सरली, आमचा कॉपीराइट संपला, आता कायद्यानं सगळ्यांचा.”

“तुमचा कसा गं? चित्रं तुझ्या आजोबांची, पण लोक हसायचे त्याच्या शिंकेला. ती माझ्या आजोबांची! आवाज भरताना वाजवणारे, ओरडणारे सगळे एकाच माइकसमोर, त्यात त्यांना खरीच शिंक आली.”

“म्हणून तर बोलणी खाल्ली त्यांनी.”

“आणि पडद्यावर नाव तेवढं तुझ्या आजोबांचं!”

“बरं बाई, आजपासून बोकड तुझाही. झालं समाधान?”

“आता कशाला? तुझ्या एकटीचा होता, तेव्हा हवा होता मला.”