उजवी पाकळी कॅनडाची

मंडळी, एक विचारतो. आप्पा, पेटी जरा थांबवा, प्रश्न महत्त्वाचा आहे. देवाला विचारायचं ते केव्हा — ठरवायच्या आधी, की ठरवल्यावर? बघा, पुढच्या रांगेतल्या माना लगेच हलल्या. "आधी बुवा, आधी!" अहो, मग डोकं त्यानं कशाला दिलं? टोपी घालायला? बसा निवांत, आख्यान ऐका.

तळकोकणात, खाडीच्या तोंडाशी तारवली नावाचं गाव. तिथले रमाकांत मेथर. स्वतःची होडी, मासळीचा धंदा. माणूस सरळ, पण हट्टी, म्हणजे आपल्यासारखाच. त्यांची एकुलती लेक दीपश्री इंजिनीअर झालेली. पुढं शिकायला परदेशी जायचं, इथपर्यंत बापलेकीचं एकमत. कुठं जायचं, यावर मात्र रोज जेवताना जुंपायची. बापाचं म्हणणं, कॅनडा. का? तर तिथं आतेभाऊ आहे. विषय कुठला? जो मिळेल तो! आतेभाऊ आहे ना! हसू नका मंडळी. आपल्याकडं विद्यापीठ असंच निवडतात. डाळभात कोण घालणार ते आधी बघायचं, शिकवणार कोण ते नंतर.

पोरीनं दोन अर्ज केले. कॅनडाचा बाबांसाठी, नेदरलँड्सचा स्वतःसाठी. दोन्हीकडून होकार आला. सोमवारपर्यंत कळवायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्याला. ती नेदरलँड्स म्हणाली की बाबा म्हणायचे, "तिथं आपलं कोण आहे?" की झालं, विषय संपला.

रविवारी सकाळी रमाकांत म्हणाले, "आता भांडण नको. देवाला कौल लावू. तो म्हणेल ते."

कौल म्हणजे काय, ते आपल्या घाटावरच्यांना सांगतो. देवाच्या मूर्तीवर उजवीकडं आणि डावीकडं ओल्या पाकळ्या चिकटवतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, सवाल विचारतो. उजवी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. आणि एकदा कौल झाला की झाला. कोर्टाच्या निकालावर लोक अपील करतात हो, कौलावर कुणी करत नाही. हे दीपश्रीलाही ठाऊक होतं.

देवळात भाऊबंद जमले. गुरवानं विचारलं, "सवाल काय घालू?"

रमाकांत म्हणाले, "उजवी पडली तर कॅनडा. डावी पडली तर घरीच राहील."

आता गंमत बघा. देवाला पर्याय दिले दोन, आणि पोरीला हवं ते त्यात नाहीच!

गुरवानं सूर लावला — "बा देवा म्हाराजा!" म्हणा मंडळी, व्हय म्हाराजा! "ह्या तुझ्या लेकरान जो काय सवाल घातलेलो आसा —" व्हय म्हाराजा! "तेचो उजवो-डावो काय तो कौल दी रे म्हाराजा!" व्हय म्हाराजा! वा, तारवलीत शोभाल.

पाकळी हलेना. निरांजनातलं तूप संपत आलं, तरी हलेना. एक जण म्हणाला, पंखा लावू का? त्याला बाहेर बसवला.

शेवटी गुरव म्हणाला, "रमाकांत, देव बोलत नाही म्हणजे घरातलं काहीतरी लपलेलं आहे. सांगून टाका."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. आणि पोरीची आई, सुमित्राबाई, पदराशी चाळा करत हळूच म्हणाल्या, "मी नारळ बोललेय. पोर कुठंच जाऊ नये म्हणून."

रमाकांत उडालेच. "अगो, आणि मी केळीचा घड बोललोय, कॅनडाच व्हावं म्हणून!"

सांगा, देवानं करावं काय? एकाच घरातून दोन अर्ज, तेही एकमेकांच्या विरुद्ध. बसला बिचारा गप्प.

गुरवानं पोरीकडं बघितलं. "आणि तू गो? तू काय बोललीस?"

"काहीच नाही," दीपश्री म्हणाली. "माझं ठरलेलं आहे. मग देवाला पेचात कशाला टाकू?"

रमाकांत भडकले. "ठरलेलं आहे? त्या नेदरलँड्समध्ये एवढं आहे तरी काय?"

मंडळी, हा प्रश्न घरात पहिल्यांदा आला. तिथं कोण आहे, हे विचारून झालं होतं. थंडी किती, भात मिळतो का, सगळं विचारून झालं होतं. तिथं जाऊन शिकणार काय, हे आज विचारलं, आणि तेही रागात.

दीपश्री म्हणाली, "बाबा, तुमची होडी मासळी भरून येते आणि खाडीच्या तोंडाशी भरतीची वाट बघत अडकून पडते. गाळानं वाट बुजलीय. लहानपणी मी धक्क्यावर तुमचा डबा घेऊन बसायचे. होडी समोर दिसायची आणि तुम्हाला येता यायचं नाही. मला रडू यायचं. त्या देशात बरीच जमीन समुद्राच्या पातळीखाली आहे. भरती, गाळ, बांध, यातच त्यांच्या पिढ्या गेल्या. गाळ काढायला आपल्यालाही येतं, बाबा. तो पुन्हा पुन्हा का साचतो, ते मला शिकायचंय."

रमाकांतांचे डोळे भरले. मग पुढं झाले आणि गुरवाला म्हणाले, "काढा त्या पाकळ्या. मी सवाल मागं घेतो."

"असं कधी झालेलं नाही, रमाकांत."

"मग आज होऊ दे. जिला विचारायचं, तिला विचारलंच नव्हतं मी."

गुरवानं पाकळ्या उतरवून पोरीच्या हातावर ठेवल्या. तिनं ओंजळ कपाळाला लावली. "देवा, जातेय. चुकले तर सावर, आणि शिकून झालं की परत आण."

सुमित्राबाई घाईघाईनं पुढं झाल्या. "देवा, माझा नारळ आता त्या 'परत आण'ला लाव हो!"

तर मंडळी, माझ्या प्रश्नाचं उत्तर त्या पोरीनं दिलं. आधी ठरवावं, मग देवाकडं बळ मागावं. आता तुमच्याकडं येतो. तुमच्याही घरात पोरंपोरी आहेत, कुणाच्या मनात जर्मनी आहे, कुणाच्या जपान. आज घरी गेलात की विचारा, "तुला काय शिकायचंय, आणि कशासाठी?" आणि विचारलंत की लगेच आतेभावाचं नाव काढू नका. इथंच आपलं चुकतं. त्या दिवशी देव गप्प बसला, म्हणून पोर बोलली. तेवढं गप्प बसणं आपल्याला जमू दे, एवढंच आज त्याच्या पायाशी मागू. आप्पा, धरा सूर.