फाटक झाकेल असं झाड

माळी — आजी, बकऱ्यांनाच अडवायचं असेल तर कण्हेर लावा. ही बघा, फांदी आणलीय. बकरी तोंड लावणार नाही.

मी — का नाही लावणार?

माळी — विषारी ना.

मी — मग नको.

माळी — अहो, पण बकऱ्यांना—

मी — नको म्हटलं ना! दुसरं सांग.

माळी — मग बोगनवेल. काटे असे की हात घातला तर रक्त निघेल.

मी — रक्त काढणारं झाड माझ्या दारात? तुझ्याच दारात लाव.

माळी — विष नको, काटा नको. बकऱ्या फारच लाडक्या दिसतायत तुमच्या.

मी — तू झाडं विकतोस की अक्कल?

माळी — आजी, वाफा जेमतेम दोन वीत रुंद. एका अंगाला जाळी, दुसऱ्या अंगाला पायवाट. एवढ्याशा जागेत झाड बघूनच लावावं लागतं. नेमकं अडवायचंय कुणाला?

सून — आई, सांगून टाका ना आता.

मी — काय सांगायचंय? झाकली मूठ सव्वा लाखाची.

सून — मूठ गल्लीभर उघडी पडलीय, आई. माळीदादा, बकऱ्याबिकऱ्या कुणी नाही. आमचे मामंजी आहेत. त्यांना काही आठवेनासं झालंय. या बाजूच्या फाटकातून निघून जातात.

माळी — मग फाटकाला कुलूप घाला की.

मी — कुलूप! अरे, चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त करण्यात गेली त्यांची. डोकं विसरलं, बोटं नाही विसरली. माझ्या केसांतल्या आकड्यानं उघडतात. नवं आणलं की उलट खूश होतात, गिऱ्हाईक आलं म्हणून.

सून — परवा थेट जुन्या दुकानावर गेले. ते विकून सात वर्षं झाली. यांनी आपलं रोजच्यासारखं शटर उघडलं. लोकांनी चोर म्हणून धरलं, थोबाडीत—

मी — पुरे गं. सगळं काढायलाच हवं का?

सून — डॉक्टर म्हणाले, फाटक दिसलंच नाही तर जाणार नाहीत.

माळी — ताई, ती कण्हेरीची फांदी आधी माझ्या टोपलीत टाका बरं. ... आजी, जास्वंद लावू. दाट होते, काटा नाही.

मी — पान तोंडात घातलं तर? हल्ली हाताला लागेल ते चावून बघतात.

माळी — पानानं काही होत नाही, फुलानंही नाही. फक्त पसरते. दर पंधरा दिवसांनी कात्री लावावी लागेल, नाहीतर वाट अडेल.

मी — अडू दे. त्यासाठीच तर लावतेय. कधी होईल पुरुषभर?

माळी — दोन वर्षं धरा.

मी — दोन वर्षं! गेल्या महिन्यापर्यंत मला हाक मारत होते रे. आता ‘बाई’ म्हणतात. दोन वर्षांनी मी कुणासाठी झाकू हे फाटक?

माळी — मग वाढलेलीच आणतो, पिशव्यांतली. खांद्याएवढी. फाटकापुढच्या दोन फरश्या उखडतो आणि वाफा तसाच पुढं नेतो. फाटक होतं हे कळणारही नाही.

मी — उद्या आण. आणि हे बघ, गल्लीत कुणी विचारलं तर—

माळी — बकऱ्या, आजी. फार माजल्यात.

(मागचं दार वाजतं.)

हे — कुणाचं कुलूप अडलंय का इथं?

मी — नाही. सगळी उघडतायत.

हे — मग मी निघतो, बाई. घरी बायको वाट बघत असेल. तोंडाची फार तिखट आहे ती.

मी — बघू दे. सवय आहे तिला. तुम्ही टेका जरा पायरीवर.